अर्पणाआधी परतफेड

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या मराठीभाषक पट्ट्यात ‘बळी’ म्हटले की पहिल्यांदा नवसाचा बोकड आठवतो. पोर दुखण्यातून उठले किंवा विहिरीला पाणी लागले की देवीला बोललेले फेडायचे आणि मोकळे व्हायचे, ही रीत येथे सर्वांच्या परिचयाची आहे. बायबलच्या जुन्या करारातील बलिविधींची वर्णने वाचणारा येथील वाचक ती साहजिकच याच अनुभवाच्या आधाराने समजून घेतो, आणि प्राचीन इस्राएलचा देवही रक्ताने प्रसन्न होणारा असावा, अशी त्याची समजूत होते. ही समजूत फार अपुरी आहे. कारण ज्या ग्रंथात रक्ताविषयीचे नियम सर्वांत तपशिलाने दिलेले आहेत, त्याच ग्रंथात लुबाडलेला माल मालकाला कसा परत करावा याचाही नियम आहे, आणि तो नियम अर्पणविधीचाच भाग आहे.

हा ग्रंथ म्हणजे ‘लेवीय’, मोशेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच ग्रंथांपैकी तिसरा. त्याच्या पहिल्या सात अध्यायांत अर्पणाचे पाच प्रकार सांगितले आहेत. होमार्पणात कातडे वगळता संपूर्ण पशू वेदीवर जाळला जाई; अन्नार्पणात सपीठ, तेल व धूप असे, मीठ अनिवार्य असे आणि खमीर व मध वेदीवर जाळण्यास मनाई असे; शांत्यर्पणात चरबी वेदीवर जाई, ऊर व उजवी मांडी याजकाला म्हणजे पुरोहिताला मिळे आणि उरलेले मांस अर्पण करणाऱ्याच्या घरचे लोक एकत्र बसून खात; पापार्पण व दोषार्पण ही चुकांच्या निवारणासाठी असत. यांपैकी शांत्यर्पणाकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही, पण इस्राएलच्या उपासनेचा स्वभाव तेथेच उत्तम दिसतो. उपकारस्तुतीसाठी केलेल्या शांत्यर्पणाचे मांस त्याच दिवशी संपवावे लागे, सकाळपर्यंत काही उरवून ठेवता येत नसे. म्हणजे एवढे मांस एका दिवसात संपवायचे तर पंगतीला माणसे बोलावणे भागच पडे.

होमार्पण करणारा माणूस आपला पशू दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दारापाशी आणून त्याच्या डोक्यावर स्वतःचा हात ठेवी, त्याचा वध स्वतः करी, आणि मग याजक ते रक्त वेदीच्या चारही बाजूंस शिंपडत. रक्तात प्राण असतो आणि प्राण देवाचा आहे, या श्रद्धेमुळे रक्त खाण्यास सक्त मनाई होती. पापार्पणातील रक्ताविषयी जेकब मिलग्रोम या ज्यू अभ्यासकाने मांडलेले मत येथे लक्षात घेण्यासारखे आहे: त्यांच्या मते ते रक्त देवाचा राग शमवण्यासाठी नव्हते, तर माणसांच्या अपराधांमुळे विटाळलेले पवित्रस्थान शुद्ध करण्यासाठी होते, कारण समाजाचे पाप साचत गेले तर देव त्या समाजात वस्ती करणार नाही, अशी लेवीयातील धारणा आहे.

पशूंच्या या नियमांमागे कुणाची किती ऐपत, याचा विचारही होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याची खांदशेकणी होते, तो बैल देऊन टाकणे म्हणजे काय, हे सौंसरकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. इस्राएलातही गोऱ्हा हे सर्वांत भारी अर्पण होते. ज्याला मेंढरू परवडत नसे त्याने दोन पारवे किंवा कबुतराची दोन पिले आणावीत, आणि तेही न जमल्यास एफाचा दहावा भाग, म्हणजे सुमारे २ लिटर मापाचे सपीठ आणावे, त्यावर तेल वा धूप घालू नये, आणि तेवढ्यानेही पापार्पण पुरे व्हावे, असे लेवीयाचा पाचवा अध्याय सांगतो. एवढ्याशा पिठाने क्षमा मिळू शकत असेल, तर रक्त ही देवाची भूक होती असे म्हणता येणार नाही. लूकच्या शुभवर्तमानानुसार बाळ येशूला मंदिरात नेले तेव्हा त्याच्या आईबापांनी मेंढरू आणले नव्हते. गरिबांसाठी सांगितलेले पक्ष्यांचे अर्पणच त्यांनी केले.

सहाव्या अध्यायाच्या आरंभी येणारा दोषार्पणाचा नियम मात्र थांबून वाचावा असा आहे. एखाद्याने शेजाऱ्याची ठेव नाकारली, कुणाला लुबाडले, किंवा सापडलेली वस्तू दडवून खोटी शपथ वाहिली, तर त्याने मूळ वस्तू आणि तिच्या किमतीचा पाचवा हिस्सा अधिक घालून, दोषार्पणाच्या दिवशीच ती मालकाच्या हवाली करावी, आणि मग निर्दोष मेंढा घेऊन याजकाकडे जावे. नुकसान शेजाऱ्याचे केले असेल तर एकट्या मेंढ्याने ते भरून निघत नाही, हे यात स्पष्ट आहे. इ. स. पूर्व आठव्या शतकात तकोवा गावचा मेंढपाळ आमोस बेथेलच्या देवस्थानात जाऊन ज्यांच्यावर कडाडला, ते लोक बलिविधी नियमाने करणारेच होते. त्यांचा गुन्हा हा होता की ते गरिबाला नाडत होते आणि तरीही वेदीपुढे निर्धास्तपणे उभे राहत होते.

इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती तीत याच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि ज्यू धर्मातील बलिविधी थांबला. योहानान बेन झक्काई या धर्मगुरूने तेव्हा दयेची कृत्ये हेच आता प्रायश्चित्त आहे अशी शिकवण दिली, आणि वेदीची जागा प्रार्थनेने व घरच्या जेवणाच्या मेजाने घेतली. या स्थित्यंतराची खूण मराठी मुलखातही सापडते. कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे शतकानुशतके मराठी बोलणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला ज्यू समाज, लग्नकार्यात, नव्या घरात किंवा नवस फेडताना ‘मलिदा’ करतो: भिजवलेले पोहे, नारळाचा चव, साखर, सुका मेवा आणि वर मांडलेली फळे असे ताट पुढे ठेवून एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलीया संदेष्ट्याचे स्मरण केले जाते आणि मग ते सर्वांना वाटले जाते. या ताटात मंदिरातील अन्नार्पणाची आठवण टिकून आहे, असे काही अभ्यासक मानतात. आणि ती टिकली ती वाटून खाण्याच्या रूपात, ही गोष्ट मोठ्या मोलाची आहे.

ख्रिस्ती परंपरेने या वारशाचा वेगळा अर्थ लावला. येशूला वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधील दास्यातून झालेल्या सुटकेच्या सणाच्या दिवसांत क्रुसावर खिळले गेले, आणि त्याच्या अनुयायांनी त्याच्याकडे वल्हांडणाचे कोकरू म्हणून पाहिले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात हे अर्पण एकदाच आणि कायमचे झाले, म्हणून पशूंच्या बळींची गरज उरली नाही, असे प्रतिपादन आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातील साष्टीच्या ख्रिस्ती समाजासाठी रचलेल्या आणि १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चे ‘पहिले’ व ‘दुसरे’ असे दोन भाग जुन्या व नव्या कराराची हीच जोडणी मराठी ओव्यांतून उलगडतात. कॅथलिक पंथ मिस्साविधीत तेच एक अर्पण पुन्हा उपस्थित होते असे मानतो, तर बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ प्रभुभोजनात प्रामुख्याने त्याचे स्मरण करतात. तथापि वेदीवरचा बळी संपला तरी भक्ताची जबाबदारी संपली नाही. भावाचे आपल्याविरुद्ध काही असेल तर देणगी वेदीपाशीच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, ही येशूची शिकवण म्हणजे लेवीयातील दोषार्पणाचेच सूत्र आहे. आणि कैदेत असलेल्या प्रेषित पौलाला फिलिप्पै नगरातील मंडळीने पाठवलेली मदत त्याने देवाला आवडणारे सुगंधी अर्पण मानली.

आयुष्यच अर्पण म्हणून जगावे, या ‘अर्पित जीवना’च्या कल्पनेचा दुरुपयोगही झालेला आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. मार खाणाऱ्या बायकोला किंवा राबवल्या जाणाऱ्या गड्याला ‘तुझा क्रूस तू वाहा’ असे सांगणारा उपदेशक स्वतः काहीच देत नाही. तो दुसऱ्याचा जीव वेदीवर चढवतो. लेवीयात पोटची पोरे मोलख दैवताला अर्पण करणाऱ्याला देहदंड आहे, इसहाकाच्या कथेत पोटच्या पोराचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाचा सुरी धरलेला हात देवाचा दूतच थांबवतो. अर्पण द्यायचे ते स्वतःचे.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या अर्थाने वाचण्यासारखे आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात, ज्यात तेव्हा सौंसरचा परिसरही मोडत होता, फिरून निराधार मुलींना व विधवांना पुणे जिल्ह्यातील केडगावला घेऊन आल्या. तेथील मुक्ती मिशनमध्ये या मुली शेती, विणकाम आणि छपाई शिकल्या. रमाबाई स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून, अल्पशिक्षित बायकांनाही समजेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करीत होत्या. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला, आणि १९२४ मध्ये लेवीयासह संपूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.