रत्नागिरीचा भाव काय?

"रत्नागिरीत सध्या काय भाव चाललाय?" मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी गावी आले की हा प्रश्न घरोघरी निघतो आणि एका आकड्यात उत्तर देणारेही लगेच भेटतात. त्या आकड्यावर विसंबून माणसं भविष्य निर्वाह निधीचे पैसे गुंतवतात, डोंबिवलीतलं घर विकायचं ठरवतात, नाहीतर वडिलोपार्जित बाग कवडीमोलाने देऊन टाकतात. म्हणून घर-जमिनीच्या भावाविषयीचे काही पक्के बसलेले गैरसमज तपासून पाहायला हवेत.

मुळात एकच भाव असतो, हाच पहिला गैरसमज. रत्नागिरी शहर-परिसरातली मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव, नाचणे, मिरकरवाडा, भाट्ये ही ठिकाणं एकमेकांपासून काही किलोमीटरच्या आत आहेत, तरी तिथले भाव जुळत नाहीत. जिल्हा धरला तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, राजापूर यांची गणितं आणखी निराळी. चिपळूणचंच पाहा. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, खालचे मजले बुडाले. तेव्हापासून तिथे घर बघायला जाणारा माणूस आधी पाणी कुठवर आलं होतं ते विचारतो. निळ्या आणि लाल पूररेषेच्या संदर्भात इमारत कुठे येते, यावर तिचं मोल ठरतं. एकाच शहरातल्या, एकाच वयाच्या दोन इमारतींचा भाव त्यामुळे वेगळा असू शकतो. अशा वेळी "चिपळूणचा भाव" म्हणून सांगितलेला आकडा घेणाऱ्याच्याही उपयोगाचा नाही आणि विकणाऱ्याच्याही.

"मुंबईच्या मानाने कोकणात घर स्वस्त पडतं," हा सगळ्यात खोल रुजलेला समज. यात स्वस्त काय असतं ते नीट बघू. उदाहरणापुरते आकडे धरा. 600 चौरस फुटांचं घर बांधायला चौरस फुटाला 2,000 रुपये लागले, तर खर्च झाला 12 लाख. मुंबईत ते घर 25,000 रुपये दराने दीड कोटीला आणि रत्नागिरीत 5,000 दराने 30 लाखांना विकलं गेलं, असं समजा. विक्रीच्या भावात पाचपट अंतर आहे. बांधकामाच्या खर्चात तेवढं अंतर असूच शकत नाही. मुंबईतली उंच इमारत दुप्पट खर्चाची धरली, तरी तो आकडा 24 लाखांवर थांबतो. बाकीचे सव्वा कोट जमिनीचे, चटईक्षेत्रासाठी भरलेल्या अधिमूल्याचे, कर्जावरच्या व्याजाचे आणि नफ्याचे. म्हणजे दोन प्रदेशांतल्या घरांच्या किमतीत जो फरक दिसतो, तो मुख्यतः जमिनीचा असतो. विटा-सिमेंटचा वाटा त्यात थोडा.

कोकणात बांधकाम स्वस्त होतं, हेही खरं नाही. जांभ्याचा चिरा जवळ मिळतो, तेवढीच सवलत. सिमेंट आणि लोखंड बाहेरून येतं, बराचसा माल घाट उतरून येतो आणि वाहतुकीचा खर्च त्यावर चढतो. पाऊस वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पडतो. त्यामुळे उतरतं छप्पर, गळतीचा बंदोबस्त आणि खाऱ्या वाऱ्यात गंजणाऱ्या लोखंडाची डागडुजी हे खर्च टळत नाहीत. जमीन कातळावरची असेल तर विहीर किंवा बोअर, उताराची असेल तर बांध आणि भराव. गाडी जाईल असा रस्ता नसेल तर चिरा डोक्यावरून वाहून न्यावा लागतो, त्याची मजुरी वेगळी. स्वस्तात घेतलेल्या गुंठ्यावर, म्हणजे 1,089 चौरस फुटांवर, हे सगळं चढलं की शहरातला तयार फ्लॅट परवडला असता असं म्हणायची वेळ येते.

तुलना करताना आणखी एक घोटाळा होतो. मुंबईचा दर कारपेटवर, म्हणजे घरातल्या वापराच्या क्षेत्रावर, सांगितलेला असतो आणि गावाकडचा कुणीतरी त्याहून मोठ्या बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप क्षेत्रावर सांगतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की रत्नागिरी आहे त्याहून स्वस्त दिसते. रेरा कायद्याने विक्रीसाठी कारपेट क्षेत्रच धरायला लावलं आहे. पण 500 चौरस मीटरपेक्षा लहान भूखंडावरच्या किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना महारेराची नोंदणी सक्तीची नाही आणि लहान शहरांत अशा छोट्या इमारती पुष्कळ असतात. तिथे क्षेत्रफळ स्वतः मोजून घेतलेलं बरं.

आता त्या समजाकडे येऊ, ज्याच्यामुळे गावोगावची कुटुंबं अडकून पडली आहेत. "माणसं मुंबईला गेली, घरं बंद पडली, म्हणजे जमीन स्वस्तच असणार." यातला पहिला भाग खरा आहे. जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 वर आली. 2011 मध्ये हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, कारण कमावते पुरुष बाहेर. पण रिकामं घर आणि विकायला काढलेलं घर यांत फार मोठं अंतर आहे. सातबारा उघडा. आजोबांच्या नावाखाली वारसांची रांग असते: एक भाऊ लालबागला, दुसऱ्याची मुलं विरारला, आत्या सावंतवाडीला, एक चुलतभाऊ ज्याचा पत्ता कुणालाच नाही. जमीन सामाईक, वाटप झालेलं नाही. पूर्ण मालकी विकायची तर सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि एकाने हात आखडला की व्यवहार थांबतो.

त्यावर जुन्या कायद्यांचे थर आहेत. कोकणात खोती होती, ती 1949 च्या कायद्याने गेली. कूळकायद्याने जमिनी कुळांकडे आल्या, आणि अशी जमीन विकायची असेल तर कलम 43 ची अट पाहावी लागते. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही, हे त्याच कायद्याचं कलम 63. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे, त्यामुळे एकेक गुंठ्याचा तुकडा पाडून विकण्यावर बंधन राहिलं. हे सगळं भावात उतरतं. एकाच वाडीत शेजारी शेजारी असलेल्या दोन जमिनींपैकी एकीचा मालक एकच, ती बिगरशेती झालेली आणि रस्त्याला लागून. दुसरी सामाईक, वरकस म्हणजे हलक्या प्रतीची, वाट दुसऱ्याच्या परड्यातून. पहिलीला कितीतरी पट भाव येतो. माती तीच, पाऊस तोच, समुद्रापासूनचं अंतरही तेच. गावात ओसाड जमीन दिसते भरपूर. निर्वेध विकता येईल अशी जमीन मात्र कमी असते. मागणी असते ती मुंबईच्या पगारावर पोसलेली. म्हणून इथला भाव इथल्या मजुरीशी किंवा आंब्याच्या उत्पन्नाशी जुळत नाही, आणि गावात राहून कमावणाऱ्या तरुण जोडप्याला स्वतःच्याच गावात घर घेणं जड जातं. या विषयातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट ती आहे.

"रेडी रेकनरचा दर म्हणजेच खरा भाव," असं मानणारे पुष्कळ आहेत. काहींना तो सरकारी, म्हणून विश्वासाचा वाटतो. हा दर मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी काढलेला असतो. गावाचे किंवा शहरातल्या विभागाचे गट पाडून एका गटाला एक दर लावतात. एखाद्या प्लॉटला वाट आहे की नाही, विहीर मार्चमध्ये आटते का, हे त्याला कळत नाही. राज्याने 2023-24 आणि 2024-25 या दोन वर्षी हे दर वाढवले नाहीत, मग 1 एप्रिल 2025 पासून वाढवले. या दोन वर्षांत बाजार थांबून राहिला होता, असा त्याचा अर्थ होत नाही. रेकनरपेक्षा कमी भावात व्यवहार झाला तरी शुल्क रेकनरवरच भरावं लागतं, आणि तफावत 10 टक्क्यांहून जास्त असली तर आयकराचा प्रश्नही उभा राहतो.

खरा भाव शोधायचा तर इंडेक्स टू पाहावा. प्रत्येक नोंदलेल्या दस्ताच्या या सूचीत मोबदला आणि बाजारभाव हे दोन आकडे वेगवेगळे दिलेले असतात. मोबदला म्हणजे कागदावर ठरलेली किंमत, बाजारभाव म्हणजे रेकनरने काढलेली. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि गट किंवा सर्व्हे क्रमांक टाकून हे व्यवहार शोधता येतात. त्याच गावातले गेल्या दोन-तीन वर्षांतले दहाएक दस्त पाहिले, तर नाक्यावरच्या बोलण्यापेक्षा कितीतरी भरवशाचं चित्र मिळतं. रोखीने वरचे पैसे दिले असतील तर ते त्यात दिसत नाहीत, एवढं लक्षात ठेवावं.

वर्तमानपत्रात "घरं इतक्या टक्क्यांनी महागली" अशी बातमी येते, तिचा रत्नागिरीशी संबंध लावू नये. नॅशनल हाउसिंग बँकेचा रेसिडेक्स निर्देशांक 50 शहरांचा आहे, त्यात रत्नागिरी नाही. शिवाय निर्देशांक प्रत्येक शहराची तुलना त्याच्याच जुन्या भावाशी करतो. एका शहराचा आकडा 140 आणि दुसऱ्याचा 120 असला, तर पहिलं शहर महाग असं ठरत नाही. तिथे वाढ जास्त झाली, एवढंच कळतं.

प्रकल्प जाहीर झाला की भाव चढतो आणि मग उतरत नाही, हा समज तर रत्नागिरी जिल्ह्याने स्वतःच खोटा पाडला आहे. गुहागर तालुक्यात दाभोळचा वीजप्रकल्प 1999 मध्ये सुरू झाला आणि 2001 मध्ये बंद पडला. नाणारच्या रिफायनरीसाठी 2017 मध्ये भूसंपादनाची अधिसूचना निघाली, 2019 मध्ये ती रद्द झाली. मधल्या काळात बाहेरच्यांनी तिथे जमिनी घेतल्याच्या तक्रारी झाल्या, पुढे पर्यायी जागा म्हणून बारसू-सोलगावचं नाव आलं तेव्हाही झाल्या. अशा वेळी आधी विकणारा गावकरी स्वस्तात देतो आणि शेवटी घेणारा अडकतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 च्या सुमारास हाती घेतलं, ते किती रखडलं हे कोकणात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उलट कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली आणि रत्नागिरी शहराची वाढ स्टेशनच्या, कुवारबावच्या दिशेने खरोखर सरकली. भाव टिकतो तो चालू झालेल्या सोयीमुळे. नुसत्या घोषणेवर चढलेल्या भावाला आधार नसतो.

शेवटचा गैरसमज समुद्राचा. गणपतीपुळ्याकडे किंवा गुहागरला "समुद्र दिसतो" म्हणून भाव सांगितला जातो. किनारा नियमन क्षेत्राचे नियम 1991 पासून आहेत, 2011 आणि 2019 मध्ये ते बदलले. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम साधारणपणे करता येत नाही. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी हे अंतर 50 मीटरवर आणायची तरतूद केली. त्यामुळे लाटांना लागून असलेला माडाचा तुकडा घरासाठी निरुपयोगी आणि त्याच्या मागचा, समुद्र जेमतेम दिसणारा तुकडा बांधकामायोग्य, असं होऊ शकतं. इसार देण्याआधी त्या सर्व्हे क्रमांकावर भरतीरेषा आणि ना-विकास पट्टा कुठून जातो, ते मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर पाहून घ्यावं.