कर्जत-खालापूरचे ऋतुशब्द

जपानच्या जुन्या पंचांगात वर्षाचे ७२ तुकडे केलेले आहेत. एकेक तुकडा जेमतेम पाच दिवसांचा, आणि त्या पाच दिवसांत निसर्गात जे घडतं तेच त्याचं नाव. मूळ कल्पना चीनची. चीनचे ऋतू वेगळे, म्हणून शिबुकावा शुन्काई या ज्योतिर्विदाने १६८५ साली हे पंचांग जपानच्या हवामानाला जुळवून घेतलं. त्यातल्या साधारण ११ ते १५ जून या तुकड्याचं नाव आहे ‘कुजक्या गवताचे काजवे होतात’.

हेच दिवस आपल्याकडे मृगाचे. मे संपता संपता कर्जत तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगराखालच्या रानात आणि माथेरानच्या उतारांवर काजवे दिसू लागतात आणि पाऊस नीट लागला की हळूहळू दिसेनासे होतात. काजव्याची अळी ओलसर पाचोळ्यात राहते आणि गोगलगायी खाऊन वाढते. जुन्या लोकांनी काजव्याचं कूळ कुजक्या गवतात शोधलं ते पाहून शोधलं होतं. हायकू या कवितेचा पायाच हा आहे: आधी पाहणं, मग लिहिणं. ज्यांना मराठीत हायकू लिहावासा वाटतो त्यांनी सुरुवात आपल्या तालुक्याच्या ऋतूंपासून करावी, असं मला मनापासून वाटतं. कर्जत आणि खालापूर हे रायगडचे डोंगराला टेकलेले दोन तालुके त्यासाठी फार श्रीमंत आहेत.

जपानहून मराठीत

हायकू जन्मला तो एका सामुदायिक खेळातून. कवी एकत्र बसत, एकाने कडवं म्हणायचं, दुसऱ्याने त्याला पुढचं जोडायचं, अशी साखळी चाले. साखळीच्या पहिल्या कडव्याला ‘होक्कू’ म्हणत. बैठक ज्या ऋतूत भरली असेल त्या ऋतूची खूण त्यात यावी, असा दंडक होता. मात्सुओ बाशो (१६४४–१६९४) याने या छोट्या कडव्याला खोली दिली. एदो शहरातल्या त्याच्या झोपडीपुढे शिष्याने केळीचं रोप लावलं होतं. ‘बाशो’ म्हणजे तीच केळ, आणि कवीने पुढे तेच नाव घेतलं. त्या केळीला खाण्याजोगी फळं येत नाहीत, वाऱ्याने तिची पानं फाटतात, आणि म्हणूनच ती त्याला प्रिय होती. आपल्या कड्याकपाऱ्यांतल्या रानकेळीचं, म्हणजे कवदरीचं, असंच आहे. उन्हाळ्यात तिची पानं पार वाळून जातात आणि पहिल्या पावसाबरोबर उघड्या खडकातून ती पुन्हा वर येते.

बाशोनंतर बुसोन (१७१६–१७८४) आणि इस्सा (१७६३–१८२८) हे मोठे कवी झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकी याने पहिलं कडवं साखळीपासून कायमचं सोडवलं आणि ‘हायकू’ हे नाव रूढ केलं. १९१६ साली रवींद्रनाथ टागोर जपानला गेले. ‘जपानयात्री’ या प्रवासवर्णनात त्यांनी हायकूंची ओळख करून दिली आणि काहींचा बंगालीत अनुवादही केला.

मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. आचार्य अत्र्यांची ही मुलगी (१९२९–२०१७) कथा, कादंबरी, नाटक आणि कविता लिहीत होतीच. सत्तरच्या दशकात त्या हायकूकडे वळल्या आणि अखेरपर्यंत हायकूच्या होऊन राहिल्या. ‘ध्रुवा’, ‘फक्त हायकू’, ‘हेही हायकू’ हे त्यांचे संग्रह. त्यांनी मराठी हायकूला जो आकार दिला तोच बहुतेकांनी पुढे चालवला: तीन छोट्या ओळी, बहुधा दोन ओळींना यमक, आणि अक्षरं मोजण्याची सक्ती नाही. पाखरू, पान, पाऊस आणि खिडकीतलं आभाळ एवढ्यावर कविता उभी राहते, हा विश्वास त्यांच्यामुळे मराठी वाचकाला मिळाला.

लहान कवितेची आपल्याला सवय नव्हती असं मात्र नाही. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली ‘गाथा सप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे. दोन-दोन ओळींच्या सुमारे सातशे गाथांत गोदाकाठची शेतं, पाऊस, नदी आणि माणसांचं प्रेम भरलेलं आहे. थोडक्यात बोलणं आणि निसर्गाआडून बोलणं, दोन्ही आपल्या घरचं आहे.

ऋतूची खूण

हायकूत ऋतुशब्द असतो. जपानी भाषेत त्याला ‘किगो’ म्हणतात आणि अशा शब्दांच्या कोशाला ‘साइजिकी’. वसंत, ग्रीष्म, शरद, हेमंत आणि नववर्ष अशा भागांत हजारो शब्द, प्रत्येकाचं टिपण आणि त्यावरचे नमुन्याचे हायकू, अशी या कोशाची रचना असते. ऋतुशब्द एकदा आला की हवा, प्रकाश, वास आणि माणसांची कामं न सांगता कवितेत येतात. तीन ओळींत मावेल त्यापेक्षा किती तरी जास्त सांगता येतं ते यामुळे.

पण हे शब्द जपानचे. बाशोचा १६८६ सालचा प्रसिद्ध बेडूक त्यांच्याकडे वसंतातला आहे. आपला बेडूक मृगाचा. चेरीचा बहर आपल्याकडे नाही, पण फाल्गुनात पळस आणि काटेसावर फुलतात. जपानी कोशात चंद्र म्हटलं की शरद ऋतू, आणि इथे कोजागरीमुळे दोन्ही देश एका ऋतूत येऊन मिळतात.

वर्षाचे बारीक तुकडे पाडण्याची रीतही आपल्याला नवी नाही. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती ही आपली पावसाची नक्षत्रं. सूर्य एकेका नक्षत्रात १३-१४ दिवस असतो. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा. मराठी साइजिकीचं पावसाळ्याचं प्रकरण शेतकऱ्यांनी कधीच लिहून ठेवलेलं आहे.

पाऊसकाळ

कर्जत-खालापूरच्या वर्षाची खरी सुरुवात पावसापासून होते. पहिल्या सरी पडल्या की रानात जमिनीतून शेवळं ही रानभाजी वर येते. ठाकूर आणि कातकरी बायका ती खुडून, जुड्या बांधून कर्जत, नेरळ, खोपोलीच्या बाजारात आणतात. शेजारी काकड या आंबट फळांचा वाटा असतो, कारण शेवळाने घसा खाजतो आणि काकडाच्या आंबटपणाने ती खाज जाते. शेवळं बाजारात दिसतात ती थोडेच दिवस. इतके नेमके ऋतुशब्द जपानी कोशातही मोजकेच सापडतील.

मग वलगण. पहिल्या जोराच्या पावसात ओहोळ भरून वाहू लागले की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढून थेट भाताच्या खाचरांत शिरतात, आणि माणसं कंदील किंवा विजेऱ्या घेऊन रात्री बाहेर पडतात. याच सुमारास बिळांतून खेकडे निघतात. तिबोटी खंड्या हा मुठीएवढा रंगीत पक्षी वीण करायला ओढ्याकाठच्या रानात येतो, आणि झाडीतून नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते.

जुलैत आवणी. राबावर, म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेल्या जमिनीवर, वाढवलेली भाताची रोपं उपटायची, मूठ बांधायची आणि चिखलात ओळीने लावायची. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे आणि इथे निघालेल्या भाताच्या जाती ‘कर्जत’ याच नावाने ओळखल्या जातात. इथे भात हे वर्षाचं घड्याळ आहे. श्रावणात टाकळा, कर्टोली, भारंगी. भाद्रपदात गौरीसाठी तेरडा. पुढे डोंगरमाथ्यावर सोनकीचा पिवळा रंग. आणि दिवाळीच्या आसपास कापणी, मळणी.

हिवाळा आणि उन्हाळा

कापणीनंतर शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वालाच्या शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस येतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, कांदे, अंडी, हवं तर कोंबडी, वरून मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-गवत पेटवायचं. रायगडच्या थंडीचा याहून नेमका वास दुसरा नाही, आणि हायकूला असा वास फार मानवतो.

उन्हाळ्यात पळस आणि काटेसावर, मग मोहाची फुलं, करवंदं, तांबट पक्ष्याची दुपारभर चालणारी ठकठक, भाजलेल्या राबाची काळी खाचरं. खाली नदीची गंमत वेगळीच. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. घाटावरच्या तलावांत साठलेलं पाणी या वीजघरांतून खाली येतं आणि पाताळगंगेला, उल्हासला मिळतं. म्हणून भर मे महिन्यात नदीत जे वाहतं ते गेल्या आषाढातलं पाणी. त्याच वेळी डोंगरावरच्या वाड्यांत बायका हंडा घेऊन झऱ्याची वाट तुडवत असतात. पावसाच्या माहेरघरात ही टंचाई असते आणि तीही ऋतूचाच भाग आहे. हायकूने ती वगळू नये.

कोरड्या प्रदेशात ऋतू नसतात असं समजू नये. अमेरिकेतल्या सोनोरा वाळवंटातले कवी चेरीच्या मागे न लागता सग्वारो निवडुंगावर लिहितात. त्याचं पांढरं फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतं. तिथे पावसाची चाहूल क्रिओसोट या झुडपाच्या वासाने लागते. आपल्या थरच्या वाळवंटात उन्हाळ्याच्या तोंडावर रोहिडा केशरी फुलतो. जिथे कमी आहे तिथे पाहणाऱ्याची नजर आपोआप तीक्ष्ण होते. कर्जतच्या मे महिन्यातल्या करड्या डोंगराकडेही तशाच नजरेने पाहायला हवं.

तीन ओळींची घडण

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे येऊ. आवणीवर लिहायचं म्हटलं की नवखा हात बहुधा असं लिहितो:

*हिरव्या शेतात*
*आनंदाला आलं उधाण*
*बळिराजा सुखावला*

यात आनंद सांगितला आहे, दाखवलेला नाही. शेत कुठलंही असू शकतं, दिवस कुठलाही. आता हे पाहा:

*आवणी संपली*
*बांधावर वाळतात*
*चिखलाचे पाय*

आवणी म्हटल्यावर जुलै आला, वाकलेली कंबर आली, पाऊस आला. पहिल्या ओळीनंतर वाचक क्षणभर थांबतो. जपानी हायकूत हा थांबा एका खास अक्षराने दाखवतात. आपल्याकडे ओळ तोडली की पुरे. पाय वाळतात याचा अर्थ पाऊस उघडला आहे आणि माणूस टेकला आहे. थकवा आणि समाधान हे शब्द कुठेही नाहीत, तरी दोन्ही पोचतात.

हाच हायकू पाच-सात-पाच अक्षरांत बसवता येतो: ‘आवणी झाली / बांधावर वाळती / मातीचे पाय’. मोजणी चोख झाली, पण ‘वाळती’ जुन्या कवितेतलं वाटतं आणि ‘मातीचे पाय’ म्हटलं की थोरांच्या उणिवा आठवतात. चिखल गेला. शिवाय जपानी लोक मोजतात ती अक्षरं आपल्या अक्षरांसारखी नाहीत. दीर्घ स्वर तिथे दोनदा मोजतात, त्यामुळे ‘तोक्यो’ त्यांच्या हिशेबी चार भरतं. ती मोजणी आपल्या मात्रांच्या जवळ जाते. म्हणून आकडा सांभाळण्यासाठी बोलती मराठी मोडू नये. ओळ लहान, श्वास एक, आणि शब्द रोजचे, एवढं पाळलं तरी चालतं.

उपमा शक्यतो टाळावी. दोन गोष्टी शेजारी ठेवाव्या आणि नातं वाचकाला जोडू द्यावं:

*मे महिन्याचं ऊन*
*डोंगरावर रिकामा हंडा*
*खाली नदीचा आवाज*

दुःखाचा ऋतू

हायकू म्हणजे गोड निसर्गचित्र, हा समज इस्साने केव्हाच खोटा ठरवला. १८१९ साली त्याची लहानगी मुलगी देवीने गेली. त्या वर्षाच्या त्याच्या गद्यपद्य पुस्तकात फुलं, दव आणि तो घाव एकत्र आहेत.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकूर समाजाची वाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, पन्नासहून अधिक माणसं बेपत्ताच राहिली. ते दिवस तरण्या पावसाचे होते. या भागात पावसावर लिहिणाऱ्याने ही रात्र ठाऊक ठेवली पाहिजे. प्रत्येक कवितेत ती यायला नको, पण तिच्या जाणिवेने पावसाच्या शब्दांना वजन येतं आणि उथळ लिहिण्याला लगाम बसतो.

तालुक्याचा कोश

माझं आग्रहाचं सांगणं आहे: कर्जत-खालापूरचा आपला साइजिकी तयार व्हावा. त्याला मोठा खर्च लागत नाही. एक वही, बारा महिने, आणि विचारण्याची तयारी. वलगण कधी चढली, पावशा पक्षी पहिल्यांदा कधी बोलला, शेवळं बाजारात कोणत्या आठवड्यात आली, काजवे कोणत्या झाडावर होते, हे तारखेसह लिहायचं. त्या त्या गोष्टीला वाडीवर काय म्हणतात ते जाणत्या माणसाकडून विचारून घ्यायचं. नोंदीखाली जागा सोडायची आणि त्यात आपला हायकू लिहायचा. शाळांना हे सहज जमेल, कारण ज्यांच्या आजी-आजोबांना हे शब्द येतात ती मुलं वर्गातच बसलेली असतात.

हे काम आता करण्यासारखं आहे. या दोन तालुक्यांत फार्महाऊस वाढत आहेत, शेतं विकली जात आहेत, रात्री उजेडाने भरून जात आहेत. काजव्यांची नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणेने शोधतात. त्यांच्या रानात दिवे वाढले की ती खूण हरवते. राब भाजणारा हात थांबला की ‘राब’ हा शब्दही बोलण्यातून जातो. शिरीष पै यांनी आपल्याला कवितेचा आकार दिला. त्यात भरायचे ऋतू मात्र ज्याने त्याने आपल्या गावचे आणायचे आहेत. येत्या मृगाला वहीचं पहिलं पान उघडलं, तर त्यापुढच्या मृगापर्यंत एका तालुक्याचं वर्षभराचं पंचांग आणि कवितासंग्रह दोन्ही हाती असेल.