वजन वाढले, शुक्राणू घटले?

मूल होत नाही म्हटले, की वाशीम शहर असो वा रिसोड-मानोऱ्याकडचे खेडे, तपासणी आधी सुनेची होते. नवऱ्याचे वजनही बघायला हवे.

● किती जास्त? भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक) २५ पासून लठ्ठपणा. उंची १७० सेंमी असेल, तर साधारण ७२ किलोच्या पुढे.

● काय बिघडते? चरबीतले अरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमध्ये रूपांतर करते. शुक्राणूनिर्मिती मंदावू शकते. मांड्यांच्या चरबीने वृषणांची उष्णताही वाढते.

● फार कृश? अतिकमी वजनानेही हार्मोन्स घटतात.

● सुधारणा कधी? शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणून वजन सुधारू लागले, तरी तीन महिने धीर धरा.

● हे टाळा : टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने. त्यांनी शुक्राणू उलट घटतात.

वर्षभरात गर्भधारणा झाली नाही, तर दोघांनीही तपासणी करून घ्यावी.