फिनेलने न जाणारा वास

घर सोडायचा महिना आला की कुत्रा पाळणाऱ्या भाडेकरूकडे फिनेलचा खप वाढतो. बादलीत नेहमीपेक्षा दुप्पट ओतायचं, दारंखिडक्या उघडायच्या, दोन उदबत्त्या लावायच्या आणि मालकाला किल्ली घ्यायला बोलवायचं. घर दोन दिवस दवाखान्यासारखं दरवळतं. मग जूनमध्ये हवा सादळते, जुना वास वर येतो आणि डिपॉझिटमधून पैसे कापल्याचा फोन येतो.

फिनेल जंतू मारतं. वास काढणं हे त्याचं कामच नाही. कुत्र्याच्या लघवीत युरिया असतो आणि जिवाणू त्याचा अमोनिया करतात. म्हणून ताज्या लघवीपेक्षा आठवड्याचा डाग जास्त झोंबतो. पाणी उडून गेलं तरी उरलेला ऐवज फरशीच्या सांध्यांतल्या सिमेंटमध्ये, प्लायवूडच्या कडेला, गादीच्या कापसात जिरून राहतो. त्याला ओलावा मिळाला की वास पुन्हा सुटतो. फिनेल फक्त त्यावर आपला वास चढवतं. तुमचं नाक फसतं, पण कुत्र्याचं फसत नाही. तो पुन्हा त्याच कोपऱ्यात जाऊन पाय वर करतो. शिवाय फिनेलवरून चाललेले पंजे तो चाटतो, ते वेगळंच.

इथे उपयोग होतो एन्झाइमच्या क्लीनरचा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात तो मिळतो. पण ‘आम्ही वापरला, काही फरक पडला नाही’ असं सांगणारे बहुतेक जण तो फवारतात आणि लगेच पुसून टाकतात. एन्झाइमला वेळ लागतो. लघवी जितकी खोल गेली तितकं खोल ते द्रावण जायला हवं आणि ओलं राहायला हवं. निदान दहा-पंधरा मिनिटं तरी, आणि जुना डाग असेल तर ओलं फडकं झाकून बराच वेळ. आधी फिनेल किंवा ब्लीच मारलं असेल तर साध्या पाण्याने जागा नीट धुवून घ्या, नाहीतर एन्झाइम निकामी होतं. उकळत्या पाण्यानेही तेच होतं.

‘व्हिनेगर घाला, सगळं जातं’ हा सल्ला परदेशी व्हिडिओंतून आला. तिथे जमिनीवर गालिचा असतो, आपल्याकडे दगड. शहाबादी, कोटा आणि संगमरवर या तिन्हींत कॅल्शियम कार्बोनेट असतं. जुन्या मोझॅकमध्येही संगमरवराची खडी असते. आम्ल पडलं की ते हा दगड खातं, चकाकी जाते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढची लघवी आणखी सहज मुरते. म्हणजे वास घालवायला गेलात आणि मालकाच्या फरशीचं नुकसान करून बसलात. संडास साफ करायचं ॲसिड तर त्याहून जहाल. ते ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच थेट लघवीवर ओतणंही टाळावं, कारण तिथे अमोनिया असतो आणि दोन्ही मिळून डोळे-घसा जाळणारा वायू तयार होतो. कापूर, डांबरगोळ्या आणि टी ट्री तेल यांना ‘नैसर्गिक’ किंवा ‘घरगुती’ म्हणून कोपऱ्यात ठेवू नये; कुत्र्याच्या पोटात गेले तर तिन्ही घातक आहेत.

‘भिंतीला रंग मारला की प्रश्न मिटला’ असंही समजतात. भिंतीच्या तळाशी लघवी मुरली असेल तर डिस्टेंपरमधून डाग आणि वास पुन्हा बाहेर येतात. आधी जागा धुवायची, पूर्ण वाळवायची, मग तेलाधारित प्रायमर आणि त्यावर रंग. डाग नेमका कुठे आहे ते दिसत नसेल तर रात्री दिवे बंद करून अतिनील टॉर्च फिरवा. वाळलेली लघवी त्यात चमकते. साबणाच्या पावडरीचे डागही चमकतात, म्हणून खात्री नाकानेच करा.

केसांचं प्रकरण सोपं, फक्त चिकाटी लागते. आखूड केसांचा कुत्रा कमी केस गाळतो हा भ्रम लॅब्रॅडॉर किंवा पग पाळलेल्याला विचारा, तो हसेल. आखूड केस कापडात सुईसारखे रुततात. कोरडी केरसुणी त्यांना उडवून कॉटखाली नेते. सोफ्यावरून ओला रबरी हातमोजा एकाच दिशेने फिरवा, चटईवर वायपर ओढा, केसांचे पुंजके हातात येतात. चादरी मशीनमध्ये टाकण्याआधी गॅलरीत झटका. एसीची जाळी, पंख्याची पाती आणि फ्रिजमागची जागा विसरू नका. मात्र केस गेले म्हणजे ॲलर्जीचं कारण गेलं असं नाही. ते कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांत असतं, आणि ती प्रथिनं गादी-पडद्यांत महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून पडदे धुवूनच द्यावेत.

राहता राहिला कायदा. सोसायटीने बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण त्या सोसायटीसाठी आहेत. मालकाबरोबरच्या 11 महिन्यांच्या करारात तुम्ही काय मान्य केलंय हा वेगळा मामला. कुत्रा असल्याचं करारात स्पष्ट लिहून घ्या आणि राहायला जाताना फरशी-भिंतींचे तारीख असलेले फोटो काढून मालकाला पाठवा.

आणि किल्ली देण्याआधी एक करा. रोज तिथेच राहिलेल्या नाकाला त्या घराचा वास जाणवत नाही. दारंखिडक्या काही तास बंद ठेवा आणि घरी कुत्रा नसलेल्या एखाद्या मित्राला आत बोलवा. त्याने नाक मुरडलं नाही, तरच मालकाला फोन करा.