साठीनंतरचे इंग्रजी : व्याकरणाची सुरुवात कोठून करावी?

प्लेनोतील अनेक मराठी घरांत सकाळी नऊनंतर फक्त आई-वडील उरतात. मुलगा-सून कचेरीत, नातवंडे शाळेत, आणि गाडी चालवता येत नसेल तर कोपऱ्यावरचे दुकानही दूर. ग्रीन कार्डवर आलेल्या या पिढीतील पुष्कळांनी मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षण घेतले आहे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. त्याआधीच्या मुलांची इंग्रजीशी गाठ पडे ती पाचवीत किंवा त्याहूनही उशिरा, आणि तीही बहुधा फळ्यावरच. वाचता थोडे येते, बोलायला तोंड उघडत नाही, अशी ही अवस्था आहे.

या अडचणीला कायद्याचीही एक बाजू आहे. नागरिकत्वाच्या परीक्षेतील इंग्रजीतून सवलत मिळते ती पन्नाशी ओलांडलेल्या व वीस वर्षे ग्रीन कार्डधारक असलेल्या, किंवा पंचावन्न ओलांडून पंधरा वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला. पासष्टाव्या वर्षी मुलाकडे आलेल्या आईला पाच वर्षांनी, म्हणजे सत्तरीत, अर्ज करता येतो. परंतु भाषेची सवलत मिळण्यासाठी तिला ऐंशीपर्यंत थांबावे लागेल. वैद्यकीय कारणाने मिळणारी सूट निराळी. म्हणजे बहुतेकांना इंग्रजी शिकण्यावाचून गत्यंतर नाही.

वर्ग मिळतात. कॉलिन कॉलेजात प्रौढांसाठी इंग्रजीचे अभ्यासक्रम आहेत. परंतु अशा वर्गांत नाना भाषांची माणसे एकत्र बसतात आणि शिक्षकाला मराठी ठाऊक नसते. शेजारच्या बाकावरील स्पॅनिशभाषक बाईंना ‘अ’ आणि ‘द’ झटकन समजतात, कारण त्यांच्या भाषेतही अशी उपपदे आहेत. आपल्या आजींना ती समजत नाहीत आणि आपली बुद्धी चालत नाही, असे वाटून त्या दुसऱ्या आठवड्यापासून जायचे बंद करतात. दोष बुद्धीचा नसून दोन भाषांच्या बांधणीतील अंतराचा आहे, हे घरातील मराठी माणसानेच सांगायचे असते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे बळ याच तुलनेत होते. तिची उणीव एवढीच, की तिच्यावर पोसलेल्या पिढ्या भाषांतरात तरबेज झाल्या आणि बोलण्यात मुक्या राहिल्या.

मी सुरुवात ‘मला’ या शब्दापासून करतो. मराठीत ‘मला दोन मुले आहेत’, ‘मला मधुमेह आहे’, ‘मला भूक लागली’, ‘मला भीती वाटते’ ही सारी वाक्ये एकाच साच्यातली वाटतात. इंग्रजीला हा साचा नाही. मनात ‘मला’ आले की ‘टु मी’ न म्हणता ‘आय’ म्हणायचे, हा पहिला नियम. पुढे माणसे, वस्तू, आजार किंवा ठरलेली भेट असेल तर ‘हॅव’: ‘आय हॅव टू सन्स’, ‘आय हॅव डायबेटिस’, ‘आय हॅव ॲन अपॉइंटमेंट’. शरीराची किंवा मनाची अवस्था असेल तर बहुधा ‘ॲम’: ‘आय ॲम हंगरी’, ‘आय ॲम कोल्ड’. अपवाद निघतील, पण दवाखान्यात आणि शेजारणीशी बोलताना लागणारी कितीतरी वाक्ये एवढ्यावर उभी राहतात. ‘मला’, ‘माझ्याकडे’, ‘माझ्याजवळ’ या आपल्या तिन्ही वाटा इंग्रजीत एका ‘हॅव’मध्ये मिळतात, हे ऐकल्यावर प्रौढ विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, तो दुसऱ्या कुठल्याही नियमाने येत नाही.

प्रश्न विचारणे आणि समजणे ही दुसरी पायरी. मराठीत वाक्य जसेच्या तसे ठेवून शेवटी ‘का’ जोडले की काम भागते. इंग्रजीत हा ‘का’ वाक्याच्या आरंभी जातो आणि त्याचे नाव होते ‘डू’. ‘तुम्ही गोळी घेता का?’ म्हणजे ‘डू यू टेक द पिल?’ पुढे एक गंमत आहे. आपला ‘का’ काळ बदलला तरी बदलत नाही. इंग्रजीत मात्र भूतकाळ त्या ‘का’लाच चिकटतो आणि क्रियापद मूळ रूपात राहते: ‘डिड यू टेक?’ हे उमगले की ‘डिड यू टुक’ आपोआप सुटते. वाक्यात ‘आहे’ असेल तर ‘डू’ची गरज नाही, ‘आहे’च उठून पुढे येते: ‘आर यू डायबेटिक?’

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ‘तुम्ही चहा घेत नाही ना?’ असे विचारल्यावर न घेणारा मराठी माणूस ‘हो’ म्हणतो. विचारणाऱ्याचे म्हणणे खरे आहे, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत अशा वेळी ‘नो’ म्हणावे लागते, कारण उत्तर प्रश्नाच्या रूपाला नसून वस्तुस्थितीला दिलेले असते. परिचारिका विचारते, ‘यू डोंट हॅव एनी ॲलर्जीज?’ आजी मराठी रीतीने ‘येस’ म्हणतात. त्यांना म्हणायचे असते ‘बरोबर, नाहीत’. ऐकणारीला ‘आहेत’ असे वाटू शकते. उलट बाजूने हीच चूक झाली, तर ती जिवावर बेतू शकते. यावर उपाय एकच: नुसते ‘येस’ किंवा ‘नो’ कधीही म्हणायचे नाही. ‘नो, आय डोंट’ किंवा ‘येस, आय डू’, आणि शक्य तर पुढे पूर्ण वाक्य. ही सवय लागेपर्यंत दुभाषा मागण्यात कमीपणा मानू नये. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना भाषेची मदत विनामूल्य द्यावी लागते.

नागरिकत्वाच्या मुलाखतीतही हाच सापळा असतो. अर्जातील प्रश्नांची एक लांब रांग ‘हॅव यू एव्हर’ने सुरू होते. नुकताच शिकलेला ‘हॅव’ इथे मालकीचा नाही. तो आपल्या ‘केले आहे’मधल्या ‘आहे’चे काम करतो. फोड करत बसण्यापेक्षा ‘हॅव यू एव्हर’ हा अखंड तुकडा ‘आजवर कधी… का?’ या अर्थाने पाठ करून घ्यावा. व्याकरण शिकवताना काही तुकडे न उलगडता दिलेले बरे.

सर्वनामांची अडचण व्याकरणापेक्षा संकोचाची आहे. नवऱ्याला आयुष्यभर ‘हे’ म्हणणाऱ्या स्त्रीला ‘ही’ म्हणणे एकेरी वाटते. म्हणून ती आदरार्थी बहुवचनाकडे वळते आणि सासऱ्यांविषयी बोलताना ‘दे’ म्हणते. ऐकणारा गोंधळतो की माणसे किती. अशा वेळी सांगावे, की इंग्रजीतला ‘तू’ म्हणजे ‘दाउ’ केव्हाच बोलण्यातून गेला आणि मूळचे बहुवचन असलेला ‘यू’ सर्वांसाठी उरला. म्हणूनच एका माणसालाही ‘यू आर’ म्हणतात, जसे आपण ‘तुम्ही आहात’ म्हणतो. समोरच्याला ही भाषा अहोजाहोच करते. तिऱ्हाइताबद्दल मात्र तिच्याकडे ‘ही’ आणि ‘शी’ एवढेच आहे.

भूतकाळ ही तर मेजवानीच. मराठीत ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले’. इंग्रजीत तिन्हींना ‘एट’. गेलो, गेला, गेली, गेलात या सगळ्यांना ‘वेंट’. आपल्या क्रियापदाचे लिंग-वचन सांभाळणाऱ्या माणसाला इंग्रजी भूतकाळ अवघड नाही. काही रूपे तेवढी पाठ करावी लागतात.

राहता राहिले ‘द’ आणि ‘शी लिव्ह्ज’मधला तो शेपटीचा ‘स’. स्टीफन क्रॅशन यांनी मांडलेल्या क्रमानुसार हा ‘स’ शिकणाऱ्यांच्या बोलण्यात फार उशिरा स्थिरावतो, आणि ज्यांच्या मातृभाषेत उपपदे नाहीत त्यांना ‘द’ही लवकर साधत नाही. म्हणून पहिल्या वर्षी दोन्हींवरून टोकू नये. परीक्षेचेही तसेच आहे: वाचायला जास्तीत जास्त तीन वाक्ये मिळतात, त्यांतले एक बरोबर वाचले की पुरते, लेखनातही तसेच, आणि अर्थ बिघडवत नाहीत अशा व्याकरणाच्या लहान चुका माफ असतात.

सरावाला घरात नातवंडांइतके चांगले परीक्षक नाहीत. फक्त त्यांना आधी बजावून ठेवावे लागते, की आजीचे वाक्य पुरे होईपर्यंत मध्ये बोलायचे नाही, आणि ‘स’ राहिला तर हसायचे नाही. दुसरी अट आठ वर्षांच्या परीक्षकाला जड जाते, असा माझा अनुभव आहे.