श्रोत्यांना सोबत घेऊन जाणारी इंग्रजी वाक्ये

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले विद्यार्थी आज अभियांत्रिकी, वैद्यक, विधी, समाजकार्य अशा नानाविध क्षेत्रांत आहेत. त्यांच्या भेटीगाठी होतात तेव्हा एक अडचण आमच्या कानी वारंवार पडते. विषय येत असतो, तयारीही असते. परंतु इंग्रजीतून सादरीकरण करावयास उभे राहिले की दोन मुद्द्यांमधली जागा ओलांडता येत नाही. पहिला मुद्दा संपतो, दुसरा ठाऊक असतो आणि मध्येच अवघडलेली शांतता पसरते. समोर बसलेले परीक्षक त्या शांततेलाच अज्ञान समजतात. मराठी माध्यमातून गेलेल्या विद्यार्थ्याचे गुण अनेकदा येथेच जातात. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही हा काहीसा रुक्ष वाटणारा विषय निवडला आहे.

वाचकाला पान मागे उलटता येते. श्रोत्याला ती सोय नाही. वक्ता कोठून निघाला, कोठवर आला आणि पुढे कोठे वळणार, हे त्याला वेळोवेळी सांगावेच लागते. मराठीत आपण हे नकळत करतो. सभेतला वक्ता ‘आता मी मूळ विषयाकडे येतो’ असे म्हणताच मांडवातली कुजबुज थांबते. इंग्रजीतही अशी ठरलेली वाक्ये आहेत. ती संख्येने थोडी, रचनेने सोपी आणि पाठ करण्याजोगी आहेत. पाठांतराला नावे ठेवण्याची हल्ली फॅशन आहे; आम्हांस मात्र या बाबतीत पाठांतरच हिताचे वाटते.

याचा उत्तम नमुना आपल्या परिचयाचा आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. प्रारंभीच त्यांनी पॉम्पेईचे भग्नावशेष दाखवणाऱ्या वाटाड्याचे उदाहरण दिले आणि मानववंशशास्त्राच्या अभ्यासकाचे काम एका अर्थी त्या वाटाड्यासारखेच असते, असे सांगितले. पुढे सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर या चौघांच्या जातीविषयीच्या व्याख्या त्यांनी तपासल्या आणि समारोपात आपली प्रमुख प्रतिपादने चार कलमांत मांडली. विषय गुंतागुंतीचा आणि श्रोते परदेशी. तरी कोणी वाट चुकू नये याची तजवीज निबंधाच्या बांधणीतच केलेली होती. आमच्या विद्यार्थ्यांनी हा निबंध आशयासाठी तर वाचावाच, पण अशा बांधणीसाठीही वाचावा.

आता प्रत्यक्ष वाक्यांकडे वळू. आरंभी विषय आणि त्याचे भाग सांगावेत : ‘टुडे आय विल टॉक अबाउट...’, ‘आय हॅव डिव्हायडेड माय टॉक इन्टू थ्री पार्ट्स’. तीन म्हटले तर तीनच भाग करावेत. श्रोते मोजत असतात. स्वतःची ओळख करून देताना ‘मायसेल्फ अमुक’ असे म्हणू नये, ‘आय अ‍ॅम अमुक’ म्हणावे. ‘डिस्कस अबाउट’ हीदेखील आपल्या ‘विषयी’ची इंग्रजीत उतरलेली सावली आहे. नुसते ‘डिस्कस’ पुरते.

खरी कसोटी लागते ती मुद्दा बदलताना. ‘मूव्हिंग ऑन टू...’ एवढेच सांगते की पुढचा भाग सुरू झाला. ‘धिस ब्रिंग्ज मी टू...’ याहून अधिक काही सांगते : पुढचा मुद्दा मागच्यातूनच निघाला आहे. दोहोंत संबंध नसताना हे दुसरे वाक्य वापरले तर जाणकार श्रोता तो संबंध शोधत बसतो. मागे जायचे असेल तर ‘अ‍ॅज आय सेड अर्लियर’ आणि उदाहरण द्यायचे असेल तर ‘लेट मी गिव्ह यू अ‍ॅन एक्झाम्पल’.

मराठीतून विचार करणाऱ्याची दोन ठिकाणी हमखास फसगत होते. ‘दुसऱ्या बाजूने पाहता’ यासाठी ‘ऑन द अदर हँड’ आहे. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ मात्र आधीचे विधान खोडून काढते. तसेच आपल्या ‘शेवटी’चे भाषांतर ‘अ‍ॅट लास्ट’ असे केले जाते, पण त्याचा अर्थ ‘एकदाचे!’ असा होतो. शेवटचा मुद्दा मांडताना ‘फायनली’ किंवा ‘लास्टली’ म्हणावे, अन्यथा वक्ता स्वतःच कंटाळला होता असा समज व्हायचा.

पडद्यावर आलेख आला की पुष्कळ मुले त्यावरचा मजकूर वाचू लागतात. तो श्रोत्यांना दिसतोच आहे. आधी आलेख कशाचा आहे ते सांगावे, ‘धिस ग्राफ शोज...’, आणि मग नजर कोठे न्यावी ते, ‘प्लीज लुक अ‍ॅट द ब्लू लाइन’.

यांतले प्रत्येक वाक्य उच्चारल्यावर एक श्वास थांबावे. वळण आल्याचे श्रोत्याला तेवढ्यात उमगते आणि वक्त्याला पुढचे शब्द जुळवायला अवसर मिळतो. शांतता तीच, पण वाक्याच्या आधी आली तर गोंधळ वाटते आणि नंतर आली तर आत्मविश्वास.

पालकांना इंग्रजी येत नसेल तरी ते मुलांची तयारी करून घेऊ शकतात. सादरीकरण आधी मराठीत ऐकावे आणि आपण कोठे वाट चुकलो तेवढे मुलांना सांगावे. इंग्रजी वाक्याची गरज नेमकी त्याच जागी असते.

समारोपाला ‘टू सम अप’ पुरेसे आहे. त्यानंतर नवा मुद्दा काढू नये. प्रश्नोत्तरांची धास्ती सर्वांत मोठी. प्रश्न ऐकू आला नाही तर ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. अर्धवट कळला तर ‘इफ आय हॅव अंडरस्टुड यू करेक्टली, यू आर आस्किंग...’ असे म्हणून तो आपल्या शब्दांत परत मांडावा; चुकत असेल तर विचारणाराच दुरुस्त करतो. आणि विचारलेला आकडा जवळ नसेल तर अंदाज ठोकू नये. ‘आय डोन्ट हॅव दॅट फिगर विथ मी, बट आय कॅन सेंड इट टू यू’ असे सांगावे आणि घरी गेल्यावर तो आकडा खरोखरच पाठवावा.