‘आप’ म्हणण्याचा नियम

आचारसंहिता म्हटले की आपल्याला पहिल्यांदा आठवते ती निवडणुकीची. टी. एन. शेषन १९९० ते १९९६ या काळात मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांनी ती इतकी गाजवली की रात्री भिंती रंगवणाऱ्या कार्यकर्त्यालाही हा जड शब्द तोंडपाठ झाला. पण त्या संहितेमागे निदान आयोग उभा असतो. जिथे आयोग नाही, पोलीस नाहीत आणि पगार देणारा मालकही नाही, तिथे माणसांनी एकमेकांशी कसे वागावे हे कोणी ठरवायचे?

हा प्रश्न माझ्याकडे आला तो पुण्यातल्या पुतणीमुळे. ती संगणकाच्या कामात आहे आणि फावल्या वेळात ‘मुक्त स्रोत’ प्रकारच्या एका कामाला हातभार लावते. म्हणजे काय, तर संगणकाला दिलेल्या सूचनांचा मूळ मजकूर सर्वांना खुला ठेवायचा. ज्याला येते त्याने तो सुधारून परत सर्वांना द्यायचा. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळासारखेच समजा, फक्त वर्गणी पैशांची नाही, श्रमांची. तिथे आचारसंहिता स्वीकारायचे ठरले आणि मराठी मसुदा माझ्याकडे आला. “काका, भाषा तेवढी बघा ना!”

पहिल्याच कलमाशी मी अडलो. ‘एकमेकांशी आदराने बोलावे.’ इंग्रजीत ‘यू’ म्हटले की काम भागते. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण अशा पायऱ्या आहेत, आणि बहुतेक अपमान एखाद्याला पायरी उतरवूनच सुरू होतात. मी ‘आदराने’च्या पुढे ‘अरे-तुरे न करता’ असे शब्द घातले. पुतणी हसली, पण शब्द ठेवले.

असल्या नियमांची गरजच काय, असे विचारणारे पुष्कळ आहेत. काम चोख असले म्हणजे झाले, बोलण्याचे काय एवढे! ‘लिनक्स’चा जनक लायनस टॉरव्हाल्ड्स कामात वाघ, पण चूक दिसली की समोरच्याला चारचौघांत सोलून काढणारा. १९९१ मध्ये त्याने सुरू केलेल्या या कामात जगभरची माणसे गुंतली. २०१५ साली तिथे एक छोटे निवेदन निघाले. त्याचा सूर साधारण असा, की कामावर टीका होणारच, मात्र एकमेकांशी नीट वागा. सप्टेंबर २०१८ मध्ये मात्र टॉरव्हाल्ड्सने आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामातून रजा घेतली आणि त्याच सुमारास सविस्तर आचारसंहिता आली. काम बुडेल अशी भीती घालणारे होते. काम बुडाले नाही. शिव्या खाऊन गुपचूप निघून गेलेल्यांच्या हातून काय काय व्हायचे राहिले, याचा हिशेब मात्र ‘गुणवत्ता’वाले कधी मांडत नाहीत.

मसुद्यात मला खरी उणीव दिसली ती शेवटी. काय करू नये याची यादी लांबलचक होती, पण तक्रार कोणाकडे करायची यावर एकच ओळ: ‘संस्थापकांना कळवावे.’ आणि संस्थापकच अंगावर ओरडला तर? विकिपीडियासारख्या मोठ्या पसाऱ्यालाही हे सोडवायला वेळ लागला. मराठी विकिपीडियासह सगळ्यांना लागू असलेली संहिता २०२१ मध्ये मंजूर झाली. ती अमलात कशी आणायची यावर दोनदा मतदान झाले आणि त्यासाठीची निवडून आलेली समिती उभी राहिली ती २०२४ मध्ये!

शहाद्यात राहणाऱ्याला यात नवल वाटू नये. शेजारच्या तळोदे भागात १९३८ च्या सुमारास गुलाम महाराजांनी भिल्ल समाजाला एक आचारसंहिताच दिली होती. दारू सोडा, स्वच्छ राहा आणि लहानथोर सगळ्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणा. ज्यांना जन्मभर ‘अरे’ ऐकायची सवय लावलेली, त्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचे! दारूचा धंदा बसू लागला तसे हितसंबंधीयांचे धाबे दणाणले. महाराज १९३८ मध्येच वारले. त्यांचे बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेले, तेव्हा इंग्रज सरकारने त्यांना जिल्ह्याबाहेर घालवले. दोन शब्दांच्या नमस्काराची सरकारला एवढी धास्ती!

पुढे दारू परत आली. १९७२ मध्ये अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने इथे जमिनीचा आणि मजुरीचा लढा पेटला, श्रमिक संघटना उभी राहिली. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता; नंदुरबार जिल्हा झाला १९९८ मध्ये. मोर्चात बाया पुढे असत, घोषणा त्यांच्याच खणखणीत. पण मालकाविरुद्ध खांद्याला खांदा लावणारा गडी रात्री पिऊन घरी मारतो, याचे काय? शिबिरांत बायांनी ही गोष्ट उघड बोलून दाखवली. नुसते बोलून त्या थांबल्या नाहीत. १९७३ मध्ये त्यांनी दारूच्या गुत्त्यांवर जाऊन मडकी फोडली. कोणी बायकोला मारले तर साऱ्या जमून त्याला जाब विचारू लागल्या, प्रसंगी चोपही देऊ लागल्या.

चोप देण्याचे कलम मी अर्थातच पुतणीच्या मसुद्यात सुचवले नाही. त्या बायांना तरी दुसरा मार्ग कुठे होता, हेही खरे. सुचवले ते इतकेच, की तक्रार ऐकणाऱ्यांत संस्थापक नसावेत आणि नव्याने आलेल्यांपैकी एखादी तरी असावी. यावर त्यांच्यात सध्या जोरदार वाद चालू आहे. कोणी म्हणते, माफी खासगीत मागितली तरी पुरे. शहाद्याच्या बाया तेवढ्यावर सोडत नसत. नवऱ्याने माफी मागायची ती चारचौघांत, आणि संघटनेची नव्हे, बायकोची.